शेअर न विकण्याचा चातुर्मास

८ जून २०२५, रविवार

निवृत्त होऊन दोनच महिने झाले आणि आज माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या इंदिरानगरात शेअर बाजार समजणारा एकही माणूस नाही. ही जबाबदारी आता मलाच घ्यावी लागणार.

जॉगिंग ट्रॅकजवळच्या आमच्या कट्ट्यावर सकाळी सगळे जमतात. जॉगिंग कोणी करत नाही. महेश कोठावदेचं गंगापूर रोडला औषधांचं दुकान आहे. तो मोबाइलवर एका पोराचे व्हिडिओ बघून शेअर घेतो. ते पोरगं गाडी चालवता चालवता बोलतं, तेही सीटबेल्ट न लावता. मनोज भामरे निवृत्त इंजिनिअर. तो सकाळी घेतो, दुपारी तोट्यात विकतो आणि घरी सांगतो की आज बाजार बंद होता. असल्या लोकांत बसून मी आजवर गप्प राहिलो, हा माझा मोठेपणा.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. माझी पद्धत शास्त्रीय आहे. कंपनी निवडताना मी आधी तिचा कारखाना समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते बघतो. पूर आणि दमट हवा यांनी यंत्रं गंजतात, ही साधी गोष्ट टीव्हीवरच्या एकाही तज्ज्ञाच्या डोक्यात आलेली नाही. या एका कसोटीवर मी मुंबईतल्या बहुतेक कंपन्या बाद केल्या.

उरलेल्यांतून सह्यगंगा पंप्स सापडली. कारखाना सिन्नरला, उंच आणि कोरडा. माल कोणता, तर पाण्याचे पंप. पाऊस कमी पडला तर लोक खोलवरचं पाणी उपसायला पंप घेणार. जास्त पडला तर साचलेलं उपसायला घेणार. म्हणजे या कंपनीला तोटा होण्याची भौगोलिक शक्यताच नाही.

हे सगळं मी कट्ट्यावर समजावून सांगितलं. महेशने दोनदा जांभई दिली, पण इतक्या सकाळी ती कोणालाही येते.

१२ जून, गुरुवार

आज प्रत्यक्ष क्षेत्रभेट. मी आणि बुद्धभूषण त्याच्या स्कूटरवर सिन्नरला जाऊन आलो.

बुद्धभूषण पगारे आमच्याच शाळेत हेडक्लार्क होता. मी वर्गात, तो ऑफिसात, पण डबा आयुष्यभर एकत्र खाल्ला. कट्ट्यावर माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच. शेअर त्याने कधी घेतलेला नाही. त्याच्या मुलीला, साक्षीला, फिजिओथेरपीचं स्वतःचं क्लिनिक काढायचं आहे. त्यासाठी त्याने पैसे बाजूला ठेवलेत, ते बँकेत नुसते पडून आहेत म्हणाला. मी म्हटलं, पैसे पडून राहण्यासारखं पाप नाही.

सह्यगंगाच्या फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही बराच वेळ बसलो. ट्रकमागून ट्रक येत होते. सगळे भरलेले, खोक्यांवर कंपनीचं नाव छापलेलं, आणि सगळे आत जात होते.

"दिनकर, माल बाहेर जायला पाहिजे ना? हा तर आत चाललाय," बुद्धभूषण म्हणाला.

मी त्याला समजावलं, की उत्पादन इतकं अफाट आहे की बाहेरच्या गोदामांत मावत नसणार, म्हणून आत आणून ठेवत असतील. ऑफिसात बसून आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटकन कळायचं नाही. टपरीवाल्याला विचारलं, कंपनी कशी चालली आहे? तो म्हणाला, "आपल्याला काय ठाव सर, हल्ली पोरं चहाचे पैसे मांडून ठेवायला सांगत्यात." म्हणजे कामगारांना खिशात हात घालायलाही फुरसत नाही. एवढं काम आहे.

१६ जून, सोमवार

घेतले. घरातल्या शिल्लकीतला मोठा हिस्सा सह्यगंगात टाकला.

खातं हेमलताच्या नावावर आहे. नोकरीत असताना उगाच कोणी चौकशी करायला नको म्हणून तसं उघडलं होतं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिचं काम एवढंच, की मी हॉलमधून "ओटीपी!" म्हणून हाक मारली की तिने तिच्या फोनवर आलेले आकडे स्वयंपाकघरातून मोठ्याने वाचायचे. आज तिने आकडे वाचले आणि विचारलं, "अहो, सगळे एकाच ठिकाणी?"

मी म्हटलं, लग्नही मी एकाच ठिकाणी केलं. यावर तिने कढईत उलथनं जरा जोरात आपटलं.

बुद्धभूषणनेही साक्षीच्या क्लिनिकचे पैसे लावले. बटण दाबायच्या आधी त्याने आकडा दोनदा तपासला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला: मी विकल्याशिवाय तू विकायचं नाही, आणि मी विकेन तेव्हा सगळ्यात आधी तुला सांगेन. तो म्हणाला, "मग मीही तुला न सांगता नाही विकणार." इतका गंभीर चेहरा केला होता की मला हसू आलं. शाळेच्या शिक्क्यावरही तो असाच चेहरा करून शाई लावायचा.

२९ जून, रविवार

वाढला. नुसता वाढला नाही, धावला. मिसळ खाताना महेशने स्वतःहून विषय काढला, "बोरस्ते सर, ते पंपाचं काय म्हणत होतात?" मी पाव संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. काही माणसांना थोडं ताटकळत ठेवावं लागतं. शेवटी महेश आणि मनोज दोघांनीही घेतले. आता कट्ट्यावर समुद्रसपाटीबद्दल कोणी हसत नाही.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

आमच्या घरात चातुर्मासात काहीतरी सोडायची पद्धत आहे. आई वांगी सोडायची. हेमलता कांदा-लसूण सोडते आणि मग चार महिने मला तिच्या व्रताची आमटी खावी लागते. मी आजवर काही सोडलं नव्हतं, कारण मला कसलंच व्यसन नाही.

पण गेले काही दिवस मी दर थोड्या वेळाने मोबाइलवर भाव बघतो आहे. परवा श्राद्धाच्या पंगतीत बसून बघितला. खऱ्या गुंतवणूकदाराला हे शोभत नाही. खातं रोज उघडलं की विकायचा मोह होतो, आणि मोहात सगळे बुडतात. म्हणून आज संकल्प केला: कार्तिकी एकादशीपर्यंत शेअर विकणार नाही, खातं उघडून बघणारही नाही. फोनमधून ते ॲप काढून टाकलं. खात्याचा पिन एका चिठ्ठीवर लिहून हेमलताच्या हातात दिला आणि म्हटलं, हा देवघरात ठेव, मी कितीही मागितला तरी देऊ नकोस.

"तुम्हाला नाही द्यायचा ना? बरं," ती म्हणाली आणि चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. देवघरात ठेवायला विसरली असेल.

कट्ट्यावर माझ्या संकल्पाची चर्चा झाली. मनोज म्हणाला, असला चातुर्मास पहिल्यांदाच ऐकला. भाव पेपरात आणि टीव्हीवर बघायला हरकत नाही, असं मी ठरवलं आहे. वांगी सोडलेल्या माणसाने वांग्याकडे बघू नये असं कुठे आहे?

२४ जुलै, गुरुवार

पुन्हा वाढ. महेशने मला सगळ्यांच्या देखत "गुरुजी" म्हटलं. निवृत्तीनंतर ही पदवी मिळाली याचा मला किती आनंद झाला ते इथेच लिहितो, कारण कोणाला सांगण्यासारखं नाही.

बुद्धभूषण क्लिनिकसाठी गाळे बघायला लागला आहे. त्याने विचारलं, थोडे विकून गाळ्याचा इसार देऊ का? मी म्हटलं, थांब, दिवाळीनंतर गाळा भाड्याने नाही, विकत घेशील. तो बिचारा लगेच थांबला.

१० ऑगस्ट, रविवार

हेमलता राखीसाठी माहेरी सिन्नरला गेली होती, आज आली. तिची थोरली बहीण सिंधुबाई तिथे कामगारांना डबे देते. सह्यगंगाचे पुष्कळ कामगार तिच्याकडचे. हेमलता चप्पल काढता काढताच म्हणाली, "सिंधूताईचे सह्यगंगाचे डबे बंद झाले हो. सगळे. ती म्हणते, पगारच नाय झाले तर पोरं डबा कुठून घेतील."

मी शांतपणे विचार केला. डबे बंद झाले याचा अर्थ स्पष्ट आहे: कंपनीने आत स्वतःचं कँटीन सुरू केलं. कामगारांना गरम जेवण देणारी कंपनी म्हणजे खानदानी कंपनी. पगाराचं म्हणाल, तर गिऱ्हाईक तुटलं की खानावळवाल्या बायका काहीही बोलतात. हे मी हेमलताला सांगितलं.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझं बोलणं तिला असं थक्क करतं, याचं मला बरं वाटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज एक चमत्कारच झाला. जेवताना हेमलताने शेअर बाजाराबद्दल प्रश्न विचारले. आपले एकूण शेअर किती? एकदम सगळे विकता येतात का? विकल्यावर पैसे किती दिवसांनी बँकेत येतात? मी तासभर समजावलं. आधी तांत्रिक बाजू, नंतर तत्त्वज्ञान: शेअर म्हणजे लावलेलं झाड, ते उपटून बघायचं नसतं. तांत्रिक बाजू तिने फार लक्ष देऊन ऐकली. तत्त्वज्ञान सुरू झाल्यावर ताटं उचलली.

दुपारी साक्षी आली होती. हेमलताच्या गुडघ्याचे व्यायाम दाखवायला ती अधूनमधून येते. दोघी आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसल्या होत्या. साक्षीने हिच्या फोनमध्ये काहीतरी बसवून दिलं. भजनांचं असावं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हिच्या फोनवर सकाळपासून सारखे मेसेज येताहेत. कोणाचे, विचारलं तर म्हणाली, गॅसच्या नोंदणीचे. नोंदणीला इतके मेसेज? मी गॅस एजन्सीला तक्रार करणार होतो, तिने करू दिली नाही.

आज भाव आजवरचा सगळ्यात वरचा. कट्ट्यावर पेढे वाटले. हेमलताने संध्याकाळी पुरणपोळी केली. कशाबद्दल, म्हटलं, तर म्हणाली, "असंच. जिवाला बरं वाटलं." माझ्या यशाने तीही सुखावली आहे, फक्त बोलून दाखवत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपती-गौरींच्या गडबडीत लिहिणं राहिलं.

आज बुद्धभूषण वेळ काढून घरी आला. हेमलता बाजारात गेली होती. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "दिनकर, आपण विकायचे का रे? आता भाव बरा आहे."

"कोणी डोक्यात भरवलं?"

"कोणी नाही. मला आपलं वाटलं."

"मी विकलेत का?"

त्याने रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाला, "तू नाही विकलेस."

"मग? मी घट्ट आहे तोवर तूही घट्ट राहा. आपलं काय ठरलंय?"

"ठरलंय ते ठरलंय," म्हणाला आणि उठला. चहाही घेतला नाही. वर्षावासात तो रोज विहारात ग्रंथवाचनाला जातो, त्याने माणूस असा गंभीर होत असावा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पडला.

सकाळी टीव्ही लावला तर खाली लाल पट्टी. सह्यगंगाचे हिशोब तपासणाऱ्याने राजीनामा दिला आहे. म्हणे, दोन वर्षं विकलेले पंप खराब म्हणून परत येत होते, आणि कंपनी तेच पुन्हा विकल्याचं कागदावर दाखवत होती. कामगारांचे पगार थकलेत. बाजार उघडताच भाव दिवसाच्या तळाला टेकला आणि तिथेच गोठला. विकणारे हजारो, घेणारा एकही नाही.

परत आलेले पंप म्हणे. ही बातमी लिहिणारा त्या टपरीवर बसला होता का? मी बसलो होतो. मी भरलेले ट्रक डोळ्यांनी बघितलेत.

तरी दिवसभर जेवण गेलं नाही. हेमलताने मऊ भात केला आणि म्हणाली, "खा. काही होत नाही." तिला यातलं गांभीर्य कळत नाही, हे एक बरं आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रोज नवा तळ. रोज तसाच गोठलेला. कट्ट्यावर सुतकासारखी शांतता. महेश माझ्यावर तुटून पडेल अशी मला भीती होती. म्हणून मी आधीच उभा राहिलो आणि म्हणालो, "मित्रांनो, माझा एकही शेअर मी विकलेला नाही. तुमच्याबरोबर मीही बुडालो आहे. तुमच्या चौपट बुडालो आहे."

कमाल झाली. महेशने मला मिठी मारली. मनोज म्हणाला, "सर, असा माणूस आजकाल बघायला मिळत नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. बुडण्यातही एक इभ्रत असते, ती आज मला मिळाली.

बुद्धभूषणने फक्त माझ्याकडे बघितलं आणि बुटाची नाडी पुन्हा बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती. साक्षीचं क्लिनिक गेलं, हे मला कळतं. इथे खरं लिहितो: त्याच्याशी मला त्या विषयावर बोलवत नाही. गेले चार दिवस मी त्याच्या शेजारी न बसता पलीकडच्या टोकाला बसतो आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

पूजेला हेमलताने बँकेचा एक नवा कागद ठेवला होता. वर हळदकुंकू होतं, वाचता आलं नाही. यंदा कसली पूजा करायची, असं मी म्हणालो तर ती म्हणाली, "जे आहे त्याची."

महेशने चकल्यांचा डबा पाठवला. वर चिठ्ठी: "गुरुजी, खचू नका." मी तीन चकल्या खाल्ल्या. छान खुसखुशीत होत्या.

२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी

चातुर्मास संपला. अंघोळ करून, मन घट्ट करून हेमलताकडे पिन मागितला, ॲप पुन्हा घेतलं, खातं उघडलं.

खात्यात काहीच नाही. एकही शेअर नाही.

मी ओरडलो, "हेमलता! खातं कोणीतरी लुटलं!"

ती शेंगदाण्याचं कूट करत होती. मिक्सर बंद करून बाहेर आली. "कोणी नाही लुटलं. मी विकले. ऑगस्टमध्येच. पैसे बँकेत ठेव म्हणून टाकलेत, दोघांच्या नावावर."

"कोणाला विचारून?"

"खातं कोणाच्या नावावर आहे?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमचा चातुर्मास होता ना. मोडायचा कशाला?" आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

मी खूप रागावलो. नवऱ्याच्या मागे असे व्यवहार करणारी बाई वगैरे बरंच बोललो. मग बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, हसलो. पैसे वाचले! सगळ्यात वरच्या भावाला विकले! माझ्याच खात्यात, माझ्याच निवडीवर. म्हणजे खोलात जाऊन बघितलं तर निवड माझीच बरोबर होती.

बाहेर आलो आणि कट्टा आठवला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हेमलता म्हणते, सरळ जाऊन सांगा की बायकोने विकले, मला माहीत नव्हतं. किती सोपं वाटतं तिला. तीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस. ज्याला गुरुजी म्हणतात. त्याने सांगायचं, की चार महिने मी ज्या झाडाची राखण करत होतो ते बायकोने कधीच विकून टाकलं होतं?

त्यापेक्षा काहीच न सांगणं बरं. बुडालेला म्हणून मला मान आहे. मान राहील, पैसेही राहतील. यात कोणाचं काय नुकसान होतं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

महेशने घात केला. त्याने एक वकील गाठला आहे. आपण सगळ्यांनी मिळून तक्रार करायची, प्रत्येकाने आपल्या खात्यात किती शेअर अडकलेत त्याचा उतारा जोडायचा. "गुरुजी, पहिलं नाव तुमचं. सगळ्यात जास्त तुमचे गेलेत."

सगळे माझ्याकडे बघत होते. बुद्धभूषणही. मी म्हणालो, माझा उतारा नाही मिळणार. का? कारण शेअर नाहीत. का नाहीत?

त्या क्षणी तोंडाशी दोन वाक्यं होती. एक खरं होतं. मी दुसरं बोललो.

"मी विकले. ऑगस्टमध्ये."

कट्टा इतका शांत झाला की पलीकडच्या हास्यक्लबचं हसणं ऐकू येऊ लागलं. मग महेश म्हणाला, "आणि आम्हाला घट्ट राहा सांगत होता? मिठ्या मारून घेत होता? माझ्या चकल्या खाल्ल्या तुम्ही!" मनोजने मला चारसोबीस म्हटलं. मी मान वर करून ऐकून घेतलं. खरं सांगतो, लबाड म्हणवून घेताना मला लाज वाटली, पण मूर्ख म्हणवून घेताना जितकी वाटली असती तितकी नाही.

बुद्धभूषण उठून चालायला लागला. आमच्यातला कोणी त्या ट्रॅकवर खरंच चालताना मी पहिल्यांदा बघितला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कट्ट्यावर जाणं बंद केलं होतं. आज दुपारी महेशचा फोन. मला वाटलं, वकिलाची नोटीस. पण आवाज एकदम हळू.

"सर, झालं ते झालं. मानलं तुम्हाला. बरोबर टोकाला बाहेर पडलात. आम्हाला थांगपत्ता लागू दिला नाहीत." मग आवाज आणखी खाली. "आता पुढचा कुठला बघताय? मनोजला नका सांगू. फक्त पुढच्या वेळी विकायच्या आधी मला एक मिस्ड कॉल द्या."

संध्याकाळी मनोजचा फोन. तेच. महेशला सांगू नका म्हणाला.

बुडालो होतो तेव्हा हे लोक मला चकल्या पाठवत होते. लबाड निघालो तर सल्ला मागताहेत. हेमलताला हे सांगितलं. ती म्हणाली, "आणि पगारे भाऊ?" त्याचा फोन नाही आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बुद्धभूषण आला.

मी जिन्यात त्याचा आवाज ओळखला आणि काय बोलायचं ते मनात जुळवलं. तो आत आला, चप्पल काढली आणि म्हणाला, "वहिनी आहेत?"

साक्षी बरोबर होती. क्लिनिकचा विचार सोडून तिने घरोघरी जाऊन उपचार करायला सुरुवात केली आहे. हेमलताचा गुडघा तिचा पहिला रुग्ण. दोघी आत गेल्या. आम्ही दोघं हॉलमध्ये राहिलो.

मी म्हणालो, "बुद्धभूषण, तुला आधी सांगायला हवं होतं. मी शब्द मोडला. पण बाजारात कधीकधी असं..."

"वहिनींनी विकले," तो म्हणाला. "मला गणपतीच्या आधीच माहीत होतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, भाऊ, मी विकले, तुम्हीही विका, फक्त यांना सांगू नका. साक्षीनेच ॲप लावून दिलं होतं. मी तुझ्याकडे आलो तो त्यासाठीच."

"मग विकले का नाहीस? माहीत होतं तर का नाही विकलेस?"

"तू म्हणालास थांब. आणि ठरलं होतं, तुला न सांगता विकायचे नाहीत. सांगावं तर वहिनींना शब्द दिलेला." त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. "राहिले मग."

मी म्हणालो, "वेड्या, माझ्या एका शब्दासाठी? तुला मी एवढा हुशार वाटलो?"

"नाही रे," बुद्धभूषण म्हणाला. "तू हुशार आहेस असं मला कधीच वाटलं नाही. उंचावरच्या कंपन्या काय, पंप काय. तू खरं बोलतोस असं मात्र वाटायचं. त्या दिवशी कट्ट्यावर सगळ्यांसमोर मी विकले म्हणालास ना, तेव्हा तेही गेलं."

हे तो रागाने बोलला असता तर मला उत्तर सुचलं असतं. तो शाळेत पगारपत्रक वाचून दाखवायचा तसं बोलला.

आतून साक्षीचा आवाज येत होता, "काकू, पाय सरळ, आता हळूच वर." बुद्धभूषण मुलीचं होईपर्यंत बसून राहिला, पण पेपर उघडून. मी समोर होतो. साक्षी बाहेर आली तेव्हा त्याने हेमलताला नमस्कार केला, मलाही केला. मला जो केला तो आमच्या मुख्याध्यापकांना करायचा तसा होता, आणि त्या मुख्याध्यापकांबद्दल त्याचं काय मत होतं ते मला चांगलं माहीत आहे.